टेनिसची जाळी साडेतीन फुटांवर कशी आली

टेनिसच्या कोर्टाची मापं आज जगभर एकच आहेत. लांबी 78 फूट, एकेरीसाठी रुंदी 27 फूट. जाळी खांबांपाशी साडेतीन फूट आणि मधोमध तीन फूट. सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिसचा चेंडू जिच्या आत पडावा लागतो ती रेघ, जाळीपासून 21 फुटांवर. यातली लांबी-रुंदी 1877 साली ठरली आणि तेव्हापासून तसूभरही हललेली नाही. जाळीची उंची आणि सर्व्हिस लाइन मात्र 1877 ते 1882 या काळात पुन्हा पुन्हा बदलली. विंबल्डनला एखादा खेळाडू यायचा, त्याला नियमांत एक फट सापडायची, त्या फटीतून तो जिंकायचा, आणि मग ती फट बुजवण्यासाठी जाळी खाली यायची किंवा रेघ पुढे सरकायची. पुरुषांच्या स्पर्धात्मक टेनिसची सुरुवातीची वर्षं समजून घ्यायची तर विजेत्यांच्या यादीपेक्षा ही फुटा-इंचांची गोष्ट जास्त कामाची आहे. आजचं कोर्ट त्या चार-पाच माणसांच्या खेळामुळे असं झालं आहे.

आधी हा खेळ हिरवळीवर आला कसा ते थोडक्यात पाहू. टेनिस नावाचा खेळ युरोपात कित्येक शतकं होता, पण तो चार भिंतींच्या आत, फरशीवर खेळला जायचा. त्याचा चेंडू चिंध्या आणि दोऱ्यांचा असल्यामुळे गवतावर उसळायचाच नाही. एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. एडविन बडिंग या इंग्रजाने 1830 मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यामुळे हिरवळ सपाट आणि आखूड ठेवणं सोपं झालं. पुढे 1840च्या दशकात रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची पद्धत आली आणि गवतावरही टप्पा घेईल असा पोकळ चेंडू बनू लागला. बर्मिंगहॅममध्ये हॅरी जेम आणि त्याचा स्पॅनिश मित्र ऑग्युरिओ परेरा हे 1860च्या आसपास घराच्या अंगणात असा खेळ खेळू लागले होते. पुढे 1872 साली लेमिंग्टनला त्यांनी त्यासाठी क्लबही काढला.

पण हा खेळ घराघरांत पोहोचवला मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी. 1874 साली त्यांनी पेटंट घेतलं आणि एका खोक्यात जाळी, खांब, रॅकेटी, चेंडू आणि नियमांची पुस्तिका भरून ते पाच गिनींना विकायला काढलं. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा हे खोकं सुखवस्तू घरांसाठीच होतं. विंगफिल्ड यांचं कोर्ट डमरूच्या आकाराचं होतं, दोन्ही टोकांना रुंद आणि जाळीपाशी अरुंद. खोकी झपाट्याने खपली, समुद्रापार वसाहतींतही गेली. त्याच दशकात आपल्या पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी बॅडमिंटनचे नियम घालत होते. क्रिकेट हिवाळ्यात नाही, क्रोकेला, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून नेण्याच्या खेळाला, दम लागत नाही, मग मोकळ्या हवेत घाम निघेल असं काहीतरी या वर्गाला हवंच होतं.

अडचण अशी झाली की जो तो आपापल्या नियमांनी खेळू लागला. जाळी कुठे उंच, कुठे बुटकी. गुण मोजायच्या पद्धतीवरही एकमत नव्हतं. 1875 मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने, म्हणजे क्रिकेटचे कायदे करणाऱ्या त्याच एमसीसीने, एक नियमावली काढली. डमरूचा आकार तिच्यातही राहिला आणि गुणांची पद्धत रॅकेट्स या भिंतीवरच्या खेळातून घेतली होती: ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण, आणि पंधरा गुणांना गेम. सामना कसा चालतो हे तेव्हापर्यंत कुणी मोठ्या स्पर्धेत पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे यात चूक काय हेही कुणाला सांगता येत नव्हतं.

विंबल्डनच्या वर्पल रोडवर ऑल इंग्लंड क्रोके क्लबची जागा होती. क्रोकेचा बहर ओसरत चालला होता. 1875 मध्ये क्लबने एक हिरवळ टेनिससाठी दिली आणि दोन वर्षांत टेनिसने क्रोकेला बाजूला सारलं. 1877 मध्ये क्लबच्या नावातही लॉन टेनिस आलं. त्याच वर्षी क्लबने खुली स्पर्धा जाहीर केली. हिरवळ दाबायचा मोठा रोलर मोडला होता, त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, असं तिथे सांगतात. 'द फिल्ड' या साप्ताहिकाचे संपादक जे. एच. वॉल्श क्लबचेच सभासद होते. त्यांनी साप्ताहिकाकडून 25 गिनींचा चांदीचा चषक मिळवून दिला.

स्पर्धा म्हटल्यावर नियम पक्के हवेत. तिघांची समिती नेमली: ज्युलियन मार्शल, सी. जी. हीथकोट आणि डॉ. हेन्री जोन्स. जोन्स पेशाने डॉक्टर होते, पण त्यांची ख्याती होती ती व्हिस्ट या पत्त्यांच्या डावावरचे तज्ज्ञ म्हणून. 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने ते त्यावर लिहीत. माझ्या मते लॉन टेनिस आज आहे तसं घडवण्यात या माणसाचा वाटा विंगफिल्डपेक्षा मोठा आहे, आणि त्याचं नाव मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. पत्त्यांत मुरलेला माणूस शक्यता मोजतो. जोन्स यांनी टेनिसकडेही त्याच नजरेने पाहिलं.

या तिघांनी तीन मोठे निर्णय घेतले. डमरू मोडून कोर्ट सरळ आयताकृती केलं, 78 फूट लांब आणि 27 फूट रुंद. रॅकेट्सची गुणपद्धत टाकून जुन्या घरातल्या टेनिसची 15, 30, 40 ही पद्धत घेतली, ज्यात सर्व्हिस कुणाचीही असो, गुण दोघांनाही मिळतो. आणि सर्व्हिस करणाऱ्याला एक चूक माफ केली, म्हणजे आजची दुसरी सर्व्हिस. गुणपद्धतीचा निर्णय वरवर किरकोळ दिसतो, पण टेनिसमधली सगळी उत्कंठा त्यातूनच येते. इथे आघाडी साठत नाही. प्रत्येक गेम शून्यापासून सुरू होतो, प्रत्येक सेटही शून्यापासून. शेवटचा गुण जिंकेपर्यंत सामना जिंकता येत नाही, त्यामुळे कितीही मागे पडलेल्या माणसाला परत यायला वाट उरते. बारा वर्षांनी याच गवतावर त्याचा असा काही प्रत्यय आला की तो सामना लोक अजून सांगतात. त्याकडे पुढे येतोच.

जाळी त्यांनी ठेवली खांबांपाशी पाच फूट आणि मध्ये सव्वातीन फूट. सर्व्हिस लाइन जाळीपासून 26 फुटांवर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यांचीच आहे.

9 जुलै 1877, सोमवार. एक गिनी प्रवेश फी भरून 22 जणांनी नावं दिली होती. त्यातला एक आलाच नाही. खेळाडू बहुतेक घरातल्या टेनिसमधून किंवा रॅकेट्समधून आलेले होते आणि तिथलेच फटके हिरवळीवर मारत होते. सर्व्हिस कुणी खालून करायचं, कुणी खांद्याच्या उंचीवरून हात आडवा फिरवून. आठवड्याच्या शेवटी स्पर्धा थांबवली, कारण लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना होता आणि प्रतिष्ठित मंडळींना तिथे जायचं होतं. टेनिसची त्या वेळची पायरी यावरून कळते. अंतिम सामना सोमवार 16 जुलैला ठरला, पावसाने तो गुरुवार 19 जुलैवर गेला. एक शिलिंग तिकीट काढून सुमारे दोनशे माणसं ओल्या गवताभोवती जमली. स्पेन्सर गोरने विल्यम मार्शलला 6-1, 6-2, 6-4 असं हरवलं. सामना 48 मिनिटांत संपला.

गोर 27 वर्षांचा होता, हॅरो शाळेचा रॅकेट्सपटू, सरेकडून क्रिकेट खेळलेला. इतर सगळे बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेवर, उभे राहून चेंडू टप्पा पडल्यावर परतवत होते. हा पुढे जाळीपाशी आला आणि टप्पा पडायच्या आत चेंडू टोलवू लागला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. समोरचा नुसता धावत राहिला. अनेकांना हे सभ्यपणाला सोडून वाटलं. जाळीच्या पलीकडे रॅकेट नेऊन चेंडू मारायलाही गोर कचरत नसे, कारण तसं करू नये असं नियमांत कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते पुढे 1880 मध्ये लिहिलं गेलं.

गोरची युक्ती चालली कशी? उत्तर जाळीच्या आकारात आहे. बेसलाइनवरच्या खेळाडूला जाळीपाशी उभ्या माणसाला चुकवून चेंडू न्यायचा तर दोन वाटा असतात: कडेच्या रेषेला धरून सरळ, किंवा तिरका, कोर्टाच्या पलीकडच्या बाजूला. तिरका चेंडू जाळीच्या मध्याजवळून जातो, जिथे ती सव्वातीन फूट होती. सरळ चेंडूला मात्र कडेच्या रेषेवरची जाळी ओलांडावी लागते. खांब कोर्टाच्या तीन फूट बाहेर असायचे, पाच फूट उंच, म्हणजे कडेच्या रेषेवर जाळी साडेचार फुटांच्याही वर भरत होती. गुडघ्याच्या उंचीवरून मारलेला चेंडू 39 फूट दूर, साडेचार फुटांच्या भिंतीवरून नेऊन पुन्हा पलीकडच्या 39 फुटांत खाली आणायचा, तर तो सावकाश कमानीत मारण्यावाचून गत्यंतर नाही. असा संथ चेंडू गोर आरामात गाठायचा. राहिला तिरका फटका. तो कुठून जाणार हे गोरला आधीच माहीत असायचं. म्हणजे उंच खांबांनी कडेच्या दोन्ही वाटा जवळजवळ बंद करून टाकल्या होत्या, आणि मधला दरवाजा अडवून हा उभा होता.

स्पर्धा संपल्यावर डॉ. जोन्स गुणफलकांचे कागद घेऊन बसले. त्यांनी सगळ्या सामन्यांतले गेम मोजले. एकूण 601 गेम. त्यातले 376 सर्व्हिस करणाऱ्याने जिंकले होते, 225 समोरच्याने. म्हणजे शंभरातले जवळपास 63. खेळाच्या इतिहासातलं हे पहिलंवहिलं आकडेशास्त्र असेल असं मी म्हणणार नाही, पण टेनिसमध्ये नियम बदलायला मतांऐवजी मोजणी वापरली गेली ती इथे. खालून किंवा आडव्या हाताने सर्व्हिस करूनही फायदा इतका असेल, तर कुठेतरी जागा जास्त दिली गेली होती.

ती जागा होती 26 फुटांची. सर्व्हिसचा चौकोन इतका खोल असला की जोरात मारलेली सर्व्हिसही आत मावते आणि टप्पा बेसलाइनच्या जवळ पडतो. परतवणाऱ्याला मागे रेटलं जातं. पुढच्या वर्षी, 1878 मध्ये, ही रेघ 22 फुटांवर आणली आणि 1880 मध्ये 21 वर. तेव्हापासून ती तिथेच आहे.

या चार-पाच फुटांनी काय होतं हे साध्या त्रैराशिकाने पाहता येतं. वाऱ्याचा आणि गुरुत्वाचा विचार क्षणभर बाजूला ठेवू, चेंडू सरळ रेषेत जातो असं धरू. जाळी मध्ये तीन फूट, बेसलाइनपासून 39 फुटांवर. तुम्ही चेंडूला आठ फूट उंचीवर रॅकेट लावली आणि तो जाळीला चाटून गेला, तर जाळीपलीकडे साधारण साडेतेवीस फुटांवर जमिनीला लागेल. 26 फुटांचा चौकोन असताना ही सर्व्हिस आत. 21 फुटांचा असेल तर बाहेर. तोच चेंडू नऊ फुटांवरून मारा, तो साडेएकोणीस फुटांवर पडेल, म्हणजे 21 फुटांतही आत. फक्त एका फुटाचा फरक. रेघ पुढे सरकल्यावर जोर लावायचा तर उंचावरून मारणं भाग पडलं, नाहीतर जोर कमी करायचा आणि चेंडू आपोआप खाली येण्याची वाट बघायची. डोक्यावरून हात नेऊन करायची सर्व्हिस पुढच्या काही वर्षांत सगळीकडे रूढ झाली आणि आज उंच खेळाडूंना जे वरदान मिळालेलं दिसतं, त्याचं मूळ या 21 फुटांत आहे.

1878 मध्ये जाळी थोडीच खाली आली, खांबांपाशी पावणेपाच फूट, मध्ये तीन. गोरला अडवायला हे पुरेसं नव्हतं. त्याला अडवलं एका चहा-कॉफीच्या मुलखातून आलेल्या माणसाने. फ्रँक हॅडो सिलोनमध्ये कॉफीचा मळेवाला होता, सुट्टीवर इंग्लंडला आला होता आणि स्पर्धेत नाव दिलं. त्याने पाहिलं की डावीकडची आणि उजवीकडची वाट बंद आहे, तर उरते वरची. गोर जाळीपाशी आला की हॅडो चेंडू उंच उचलून त्याच्या डोक्यावरून मागे टाकायचा. याला आज आपण लॉब म्हणतो. 7-5, 6-1, 9-7 असा हॅडो जिंकला. त्या संपूर्ण स्पर्धेत त्याने एकही सेट गमावला नाही, मग सिलोनला निघून गेला आणि विजेतेपद राखायला परत आलाच नाही. पुन्हा तो विंबल्डनला आला 1926 मध्ये, जुन्या विजेत्यांना पदकं द्यायचा समारंभ होता तेव्हा. गोरचाही या खेळात जीव रमला नाही. लॉन टेनिसमध्ये वैविध्य कमी आहे, त्यामुळे तो मोठ्या खेळांच्या पंगतीला बसणार नाही, असं त्याने लिहून ठेवलं. क्रिकेटपटूच्या नजरेने पाहिलेलं ते मत होतं, आणि 1877च्या जाळीसमोर ते फारसं चुकीचंही नव्हतं.

व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेल्या गोरच्या त्या फटक्यावर, लॉबचा उतारा सापडल्यावर जो तो बेसलाइनवर परत गेला. 1879 आणि 1880 चा विजेता रेव्हरंड जॉन हार्टली या काळाचा खरा प्रतिनिधी. यॉर्कशरमधल्या बर्नस्टन गावचा हा पाद्री. त्याची ताकद एकच, चेंडू परत करत राहायचं, समोरचा चुकेपर्यंत. 1879 मध्ये आपण इतके पुढे जाऊ असं त्याला वाटलंच नव्हतं, म्हणून रविवारच्या प्रार्थनेला बदली माणूस ठरवून तो आला नव्हता. शनिवारी सामना संपवून त्याने उत्तरेकडची गाडी धरली, रविवारी आपल्या चर्चमध्ये प्रवचन दिलं, सोमवारी पहाटे घोड्यावरून थर्स्क स्टेशन गाठलं आणि गाडीने लंडन, तिथून विंबल्डन. उपाशीपोटी तसाच कोर्टवर उभा राहिला आणि हरायच्या बेताला आला असताना पाऊस पडला. खेळ थांबला, चहा आणि खाणं पोटात गेलं, आणि मग त्याने सामना जिंकला. हौशी खेळ म्हणजे काय, तर हा. पैसा नाही, प्रशिक्षक नाही, आणि गावची प्रार्थना चुकवायची नाही.

हार्टलीच्या वर्षांत एकेका गुणासाठी चेंडूची ये-जा लांबत गेली, प्रेक्षकांनाही ती लांबल्यासारखी वाटू लागली. 1880 मध्ये खांबांपाशी जाळी चार फुटांवर आली. कडेची वाट आता किलकिली झाली होती. याचा अर्थ जाळीला नाक लावून उभं राहणाऱ्याची आता धडगत नव्हती. त्याच्या शेजारून सरळ फटका मारता येत होता. मग व्हॉली संपली का? अनेकांना तसं वाटलं होतं. हर्बर्ट लॉफर्ड, चेंडूला वरून फिरकी देऊन जबरदस्त फोरहँड मारणारा, याच पंथाचा होता: पक्का बेसलाइन खेळ व्हॉलीवाल्याला भारी पडतो.

याचं उत्तर जुळ्या भावांनी दिलं. विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ, जन्म 1861, त्याच लेमिंग्टनचे, जिथे जेम आणि परेरा यांनी क्लब काढला होता. त्यांनी व्हॉली मारायची जागाच बदलली. जाळीला चिकटण्याऐवजी ते सर्व्हिस लाइनच्या आसपास यायचे. तिथून जाळी 21 फूट पुढे राहते, त्यामुळे शेजारून मारलेला चेंडू गाठायला थोडा अवधी मिळतो. आणि डोक्यावरून लॉब आला, तर मागे पळायचं अंतर कमी राहतं. उलट तोच लॉब हवेत असतानाच वरून दणकून खाली मारायचा. हॅडोचा उतारा होता तो लॉब, आणि रेनशॉंनी त्या लॉबचीच शिक्षा करायला सुरुवात केली. या फटक्याला आपण स्मॅश म्हणतो. 1881 मध्ये विल्यमने हार्टलीला 6-0, 6-1, 6-1 असं हरवलं. पाऊण तासही लागला नाही. हार्टलीची तब्येत त्या दिवशी बरी नव्हती, पण त्यावर बोट ठेवून काही साध्य होत नाही. दोन वेगळ्या काळांतले खेळ समोरासमोर आले होते.

1882 मध्ये खांबांवरची जाळी साडेतीन फुटांवर आली. मध्ये तीन फूट होतीच. त्यानंतर आजतागायत तिला कुणी हात लावलेला नाही. पाच फुटांपासून साडेतीन फुटांपर्यंतच्या या उतरणीचा अर्थ असा की आता पुढे येणाऱ्याला आणि मागे राहणाऱ्याला जवळपास सारखी संधी होती. सरळ फटका मारता येतो, पण तिरक्यापेक्षा अजूनही सहा इंच अवघड आहे. जाळीच्या मधला तो झोल म्हणूनच ठेवलेला आहे. आजही एखादा खेळाडू कडेने सरळ मारतो तेव्हा तो जास्त उंच जाळीवरून आणि कमी लांबीच्या कोर्टात मारत असतो, आणि त्यामुळे त्या फटक्याला जास्त टाळ्या पडतात.

विल्यम रेनशॉ 1881 ते 1886 अशी सलग सहा वर्षं जिंकला. 1882 आणि 1883 मध्ये त्याने भावालाच पाच-पाच सेटांत हरवलं, पुढची तीन वर्षं लॉफर्डला. 1887 मध्ये कोपराच्या दुखण्यामुळे तो उतरला नाही आणि लॉफर्ड जिंकला. 1888 मध्ये अर्नेस्ट. 1889 मध्ये विल्यमला पुन्हा वर चढायचं होतं, आणि हॅरी बार्लोविरुद्धचा तो सामना म्हणजे ज्याचा मी वर उल्लेख केला तो. बार्लोने पहिले दोन सेट 6-3, 7-5 असे घेतले. विल्यमने तिसरा 8-6 असा वाचवला. चौथ्यात बार्लो 5-2 असा पुढे होता आणि सामना जिंकायला त्याला एकच गुण हवा होता, एकदा नव्हे, सहा वेळा. त्यातल्या एका गुणाला विल्यमच्या हातातून रॅकेट निसटली. बार्लोने मोकळ्या कोर्टात चेंडू दडपून मारायचं सोडून उंच, सावकाश टोलवला. विल्यमने तेवढ्यात रॅकेट उचलली आणि चेंडू परतवला. तो सेट विल्यमने 10-8 असा काढला. पाचव्यात बार्लो पुन्हा 5-0 असा पुढे. विल्यम 8-6 असा जिंकला. नंतर भावाला हरवून त्याने सातवं विजेतेपद घेतलं. डॉ. जोन्स आणि मंडळींनी रॅकेट्सची पंधरा गुणांची पद्धत ठेवली असती, तर इतकं मागून येऊन जिंकायला अशी वाट क्वचितच उरली असती.

ही सात विजेतेपदं मोजताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1878 पासून विंबल्डनला आव्हान फेरी होती. गेल्या वर्षीचा विजेता मुख्य स्पर्धेत खेळायचाच नाही. बाकी सगळे आपसांत लढायचे, त्यातला जिंकणारा शेवटी विजेत्याला आव्हान द्यायचा. म्हणजे विल्यमने 1882 ते 1886 ही पाच विजेतेपदं दरवर्षी एकेक सामना जिंकून राखली. पीट सॅम्प्रसने सात विजेतेपदं मिळवली आणि रॉजर फेडररने 2017 मध्ये आठ, तेव्हा वर्तमानपत्रांत रेनशॉचं नाव त्यांच्या रांगेत छापलं गेलं. तुलना करायला हरकत नाही, पण ती करताना हा फरक सांगितला पाहिजे. अर्थात या सवलतीची दुसरी बाजूही होती: आव्हान देणारा आठवडाभर खेळून तापलेला असायचा आणि विजेता एकदम मैदानात उतरायचा.

सामने लावायची पद्धतही तेव्हा कच्चीच होती. 1877 मध्ये 22 जणांपासून सुरुवात करून दर फेरीला विषम उरलेल्याला पुढे चाल द्यायची, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत घ्यायचं, असं चाललं. 22 चे 11, त्यांचे 6, त्यांचे 3. उपांत्य फेरीला तीनच खेळाडू! गोर आणि हीथकोट खेळले आणि मार्शलला थेट अंतिम फेरीत पुढे चाल मिळाली. आता हा दुसरा क्रमांक खरा कसा म्हणायचा? क्लबलाही ते पटलं नसावं, कारण मार्शल आणि हीथकोट यांचा दुसऱ्या बक्षिसासाठी वेगळा सामना लावला. पुढे 1880च्या दशकात आर. बी. बॅग्नल-वाइल्ड यांनी सुचवलेली रीत आली: पुढे चाल काय द्यायची ती पहिल्या फेरीतच देऊन टाका, म्हणजे उरलेले 16, 32 किंवा 64 असतील आणि पुढे कधीच विषम येणार नाही. 22 जण असतील तर दहा जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल, बारा जण खेळतील, सहा जिंकतील, सोळा होतील. आपल्याकडच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धांचे तक्तेही याच हिशेबाने मांडतात.

तरीही एक मुद्दा उरतोच आणि तो ऑक्सफर्डच्या एका गणिताच्या प्राध्यापकाला खटकला. चार्ल्स डॉजसन, ज्यांना जग लुईस कॅरल म्हणून ओळखतं, यांनी 1883 मध्ये टेनिस स्पर्धांतल्या बक्षिसांवर एक पुस्तिकाच लिहिली. बाद पद्धतीत सर्वांत चांगला खेळाडू जिंकेल हे धरून चालू. पण दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्याच्याच अर्ध्या भागात पडला तर अंतिम फेरीआधीच बाद होणार. 32 जणांत एकाची जागा ठरली की 31 उरतात, त्यातल्या 16 जागा पलीकडच्या अर्ध्यात. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता 31 पैकी 16, निम्म्याहून जेमतेम अधिक. डॉजसन यांनी सुचवलेली पद्धत किचकट होती, कुणी घेतली नाही. पण चांगल्या खेळाडूंना आधीच वेगवेगळ्या भागांत बसवायचं, ही आजची मानांकनाची कल्पना याच दुखण्यावर आहे. ती विंबल्डनला यायला 1920चं दशक उजाडलं.

अटलांटिकच्या पलीकडे हाच घोळ नव्याने झाला. 1880 मध्ये न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडला स्पर्धा भरली. बोस्टनचे जेम्स ड्वाइट आणि रिचर्ड सीअर्स तिथे पोहोचले, तर चेंडू इंग्लिश चेंडूंपेक्षा बरेच लहान होते. वाद झाला. त्यातून पुढच्याच वर्षी, मे 1881 मध्ये, अमेरिकेची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, म्हणजे इंग्लंडची संघटना व्हायच्या सात वर्षं आधी. इंग्लंडमध्ये ती 1888 मध्ये झाली आणि पहिला अध्यक्ष विल्यम रेनशॉ. पहिली अमेरिकन स्पर्धा न्यूपोर्टला झाली. तिथे एकोणीस वर्षांचा सीअर्स जिंकला, तो पुढची सहा वर्षंही हरला नाही. 1881 ची अमेरिकन जाळी खांबांपाशी चार फूट होती. सीअर्सने काय केलं? पुढे येऊन व्हॉली मारून समोरच्याला दोन्ही बाजूंना पळवलं. चार वर्षांपूर्वी वर्पल रोडवर गोरने केलं तेच, आणि त्याच कारणाने.

1900 मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी ड्वाइट डेव्हिस याने देशांमधल्या लढतीसाठी चषक ठेवला. पहिली लढत बोस्टनच्या लाँगवुड क्लबवर झाली. इंग्लंडहून आलेल्या तिघांना वाटलं होतं की शिकवायला जातोय. अमेरिकनांनी चेंडूला वळवून केलेली सर्व्हिस टप्प्यानंतर अशी उसळून बाजूला जायची की ती परतवणंच त्यांना जमेना. अमेरिका 3-0. इंग्लिश खेळाडूंनी तिथल्या वाढलेल्या गवताची आणि मऊ चेंडूंची तक्रार केली. 1921 मध्ये भारताचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला, मुंबईचे अथर अली फैझी त्या संघात होते. भारताने फ्रान्सला हरवलं आणि मग जपानकडून हार पत्करली.

तोवर विंबल्डनवरचं इंग्लिश खेळाडूंचं राज्यही संपलं होतं. रेनशॉ बंधूंचा जमाना सरल्यावर 1890च्या दशकात प्रेक्षक रोडावले होते. रेजी आणि लॉरी डोहर्टी या भावांनी 1897 ते 1906 या काळात एक वर्ष वगळता सगळी विजेतेपदं घरात ठेवली आणि गर्दी परत आणली. 1907 मध्ये ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन ब्रूक्स जिंकला, पुरुषांत पहिला परदेशी विजेता. न्यूझीलंडचा अँथनी वाइल्डिंग 1910 पासून चार वर्षं अजिंक्य राहिला. पुढच्या वर्षी ब्रूक्सने त्याला हरवलं, आणि मे 1915 मध्ये फ्रान्समधल्या रणभूमीवर तो मारला गेला.

1922 मध्ये क्लबने वर्पल रोड सोडून चर्च रोडवरच्या मोठ्या जागेत बस्तान हलवलं. त्याच वर्षी आव्हान फेरीही बंद झाली आणि गेल्या वर्षीच्या विजेत्यालाही पहिल्या फेरीपासून खेळायचं ठरलं. आदल्या वर्षीचा विजेता अमेरिकेचा बिल टिल्डन त्या साली आलाच नाही. ऑस्ट्रेलियाचा जेराल्ड पॅटरसन, 1919 चा विजेता, सगळ्या फेऱ्या खेळून पुन्हा जिंकला. वर्पल रोडच्या हिरवळीवर आता एका मुलींच्या शाळेचं मैदान आहे.